भंगारातून शेतातली छोटी ट्रॉली: जुन्या जीपच्या एक्सलपासून पहिल्या फेरीपर्यंत

माझी पहिली ट्रॉली मी नजरेनं बांधली होती. माल भरायचा आठ फुटांचा हौदा आणि बरोबर मधोमध एक्सल. दिसायला कशी तराजूसारखी सरळ! गावात दोन दिवस कौतुक झालं. तिसऱ्या दिवशी केळीचे घड भरले. बांध मागच्या बाजूला होता, म्हणून पोरांनी मागूनच भरत आणले. नाल्याच्या चढावर ट्रॉलीचा ट्रॅक्टरला जोडायचा दांडा वर उचलला गेला आणि ट्रॅक्टरची मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. सगळं धूड हळूहळू मागे घसरत बांधाला टेकलं. कोणाला लागलं नाही, पाच-सहा घड फुटले. शेजारच्या वावरातले आप्पा बघत उभे होते. म्हणाले, "हाई गाडी नही भो, झोका शे."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लिंबाला बांधतात तोच झोका. त्यांचं खरं होतं. त्यानंतर तीच ट्रॉली मी कापून पुन्हा बांधली, आणि मागच्या काही वर्षांत ओळखीच्यांना आणखी तीन बांधायला मदत केली. चोपड्याकडच्या आमच्या भागात केळी, कापूस, शेणखत, ठिबकच्या नळ्यांची बंडलं अशी ने-आण सतत असते. मोठी ट्रॉली केळीच्या बागेतल्या वाटेनं वळत नाही, आणि मिनी ट्रॅक्टर घेणाऱ्याच्या हातात नव्या ट्रॉलीसाठी पैसे उरत नाहीत. हा लेख त्याच्यासाठी आहे.

आधी कायद्याचं, कारण नंतर पस्तावतात

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 2(46) प्रमाणे मोटार वाहनानं ओढायचं वाहन म्हणजे ट्रेलर, आणि कलम 39 प्रमाणे नोंदणीशिवाय वाहन सार्वजनिक जागी चालवता येत नाही. म्हणजे घरी जोडलेली ट्रॉली आपल्या वावरात आणि मळ्याच्या खाजगी वाटेवर ठीक. डांबरी रस्त्यावर काढायची असेल, तर वेल्डिंग मशीन सुरू करण्याआधी आरटीओत जाऊन काय लागेल ते विचारा. धुळ्याची एमएच 18, जळगावची एमएच 19, नंदुरबारची एमएच 39, आपलं गाव ज्याच्या हद्दीत, ते ऑफिस. "सगळेच चालवतात" हे उत्तर अपघातानंतर विमावाल्यापुढे चालत नाही. खाली लिहिलेली ट्रॉली शिवारातल्या कामासाठी आहे, ताशी दहा-बारा किलोमीटरच्या वेगासाठी. तिच्यात माणसं बसवायची नाहीत. मजूरही नाहीत, पोरंही नाहीत.

भंगार घेताना पावती घ्या. चेसिसच्या तुकड्यावर ठोकलेला नंबर घासलेला दिसला, तर तो तुकडा कितीही स्वस्त असो, हात लावू नका. चोरीचा माल विकत घेणं हाही गुन्हाच. पावतीचा दुसराही उपयोग आहे. भंगारवाला सगळं किलोवर देतो, त्यामुळे ट्रॉली पूर्ण होईपर्यंत तिचं वजन पावत्यांवर आपोआप लिहिलेलं असतं. पुढे हा आकडा लागणार आहे.

किती मोठी, किती वजनाची

माझा हिशोब 24 एचपीच्या आसपासच्या, साधारण हजार किलोच्या ट्रॅक्टरवर धरलाय. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील, तर मालासकट तिचं वजन ट्रॅक्टरपेक्षा जास्त होऊ द्यायचं नाही. उतारावर ट्रॅक्टर थांबतो, ट्रॉली थांबत नाही. ती मागून ढकलते आणि ट्रॅक्टर आडवा होतो. म्हणून एकूण हद्द 1000 किलो. पत्रा, चॅनेल, एक्सल, चाकं धरून रिकामी ट्रॉली 350 किलोच्या जवळपास जाते. मालाला उरले 650.

650 किलो म्हणजे किती? 20 ते 25 किलोचा घड धरला तर तीसेक घड. पाण्याची 500 लिटरची टाकी चालेल, हजाराची नाही, कारण पाणीच हजार किलो भरतं आणि अर्धवट टाकीतलं पाणी वळणावर हेलकावतं. कापूस वजनाच्या आधी जागा संपवतो, त्याची काळजी नाही. फसवते ती माती. ओल्या मातीचं वजन घनमीटरला सोळाशे-सतराशे किलो धरा. आठ बाय साडेचार फुटांच्या हौद्यात 650 किलो माती जेमतेम साडेचार इंच थर भरते! हौदा दीड फूट खोल दिसतो, म्हणून माणूस भरत सुटतो. मी आतल्या बाजूनं साडेचार इंचावर लाल रंगाची रेघ मारलीय आणि वर 'माती' असं लिहिलंय. सालदार बदलला तरी रेघ बदलत नाही.

रुंदी साडेचार फुटांपेक्षा वाढवू नका. पाटाच्या कडेच्या वाटेवर लोंबणारी केळीची पानं आणि टेकू दिलेली झाडं यातून तेवढंच निघतं.

भंगारात काय घ्यायचं, काय नाही

भंगारातून लोखंड घ्या, भरवसा घेऊ नका. चॅनेल, अँगल, पत्रा, पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या), एक्सलचं हाउसिंग (बाहेरचं कवच), रिम, फाळक्याचे (हौद्याच्या मागच्या उघडत्या दाराचे) बिजागर हे सगळं जुनं चालतं. बेरिंग, ऑइल सील, एक्सल पाट्याला आवळणारे यू-बोल्ट, दांड्याची पिन, साखळी, वेल्डिंगचे रॉड आणि टायरमधल्या ट्यूब नव्या घ्यायच्या. या नव्या वस्तूंचा खर्च एकूण खर्चात थोडा असतो, पण ट्रॉली पलटते ती यांच्यामुळेच. भाव लिहीत नाही. भंगाराचा भाव पोस्ट वाचेपर्यंत बदललेला असतो. जळगाव, धुळे, भुसावळ कुठेही जा, सकाळी लवकर जा. मे महिन्यात अकरानंतर भंगाराच्या ढिगात हात घालणं म्हणजे तव्यावर हात ठेवणं.

चॅनेल जुन्या शेडचा किंवा मोडलेल्या ट्रॉलीचा मिळतो. मुख्य दोन धारांसाठी, म्हणजे हौद्याखालच्या लांबीच्या दोन चॅनेलसाठी, 75 बाय 40 चा, मीटरला सात किलोच्या आसपास भरणारा. दांड्यासाठी 100 बाय 50 चा, मीटरला साडेनऊच्या जवळपास. आडव्या पट्ट्यांना 50 बाय 50 बाय 6 चा अँगल, मीटरला साडेचार किलो. तळाला दोन मिलिमीटरचा पत्रा. गंज वरवरचा की खोल, हे हातोडीनं कळतं. टणक, घणघणीत आवाज आला तर घ्या. बद्द आवाज आला किंवा गंजाचे पापुद्रे सुटले तर ठेवून द्या. चॅनेल जमिनीवर ठेवून एका टोकाला डोळा लावून बघा. पीळ पडलेला असेल तर भंगारवाल्या चाचांना नमस्कार करून पुढचा उचला. वाकलेलं सरळ करता येतं, पिळलेलं नाही.

पांढऱ्या जस्ताच्या लेपाचा पाइप घेतलात तर जिथे वेल्डिंग येणार तिथला लेप आधी घासून काढा. जस्ताच्या धुरानं रात्री ताप भरतो, थंडी वाजते. मला एकदा मलेरिया वाटला होता.

एक्सल: इथे वेळ घालवा

आमच्याकडे सगळ्यात सोपा मिळतो तो जुन्या जीपचा मागचा एक्सल, पाट्यांसकट. चाकांमधलं अंतर चार फुटांच्या आसपास, म्हणजे आपल्या मापाला नेमका. घेण्याआधी जागेवरच चार गोष्टी बघायच्या.

पहिली, हाउसिंग वाकलेलं आहे का. दोन्ही बाजूला चाकं चढवायला लावा, एक्सल ठोकळ्यांवर उचलून घ्या आणि दोन्ही चाकांमधलं अंतर टेपनं पुढून आणि मागून मोजा. तीन-चार मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर हाउसिंग वाकडं आहे किंवा रिम वाकडी आहे. चाक अर्धं फिरवून पुन्हा मोजलं की दोघांतलं कोण दोषी ते कळतं.

दुसरी, चाक वर-खाली हलवून बघा. खडखड झाली तर बेरिंग गेलेलं. ते आपण बदलणारच आहोत, पण बेरिंग बसतं ती जागाच झिजून ढिली झाली असेल तर नवं बेरिंगही तिथे नाचणार. ड्रम काढायला लावा आणि ती जागा डोळ्यांनी बघा.

तिसरी गोष्ट फार कमी लोक बघतात. हबच्या (चाक जिथे बसतं त्या मधल्या गोल भागाच्या) मधोमध बोल्ट लावलेली तबकडी असेल आणि ते बोल्ट काढल्यावर आतला शाफ्ट चाक न काढता बाहेर येत असेल, तर चाकाचा भार हाउसिंगवर आहे. असा एक्सल मिळाला तर शाफ्ट काढून टाकता येतात, आतली गिअरची भानगडही काढता येते. पण चाक थेट शाफ्टवरच बसलेलं असेल, तर शाफ्ट काढला की चाकही गेलं. अशा एक्सलमधून हलकं करण्याच्या नादात शाफ्ट किंवा त्याला धरून ठेवणारी कुठलीही वस्तू काढायची नाही.

मी स्वतः आतलं काही काढत नाही. सगळं जसंच्या तसं ठेवतो, 90 नंबरचं गिअर ऑइल भरतो. ट्रॉली चालली की आतले गिअर फुकट फिरतात, थोडं जड जातं, पण ऑइल उडत राहतं आणि बेरिंगपर्यंत पोचतं. गिअर काढले तर पिनियनचं (इंजिनाकडून ताकद घेणाऱ्या गिअरचं) भोक पट्टीनं बंद करावं लागतं आणि ऑइलवर जगणाऱ्या बेरिंगांना ग्रीसची सोय करून द्यावी लागते. गिअर ठेवले तर एक काम विसरू नका. पूर्वी जिथे प्रोपेलर शाफ्ट जोडलेला असायचा तो पिनियनचा तोंडा आता ट्रॉलीखाली उघडा फिरत राहतो. त्यात दोरी, ठिबकची नळी, माणसाचं धोतर काहीही गुंडाळलं जाईल. जुन्या ऑइलच्या डब्याचा पत्रा वाकवून त्यावर टोपी बसवा.

चौथी गोष्ट भेगांची. पाटा जिथे बसतो ती गादी आणि हाउसिंगचे सांधे घासून स्वच्छ करा. त्यावर रॉकेल किंवा डिझेलचा हात फिरवा, दहा मिनिटांनी कोरडं पुसा आणि शाळेतला खडू घासा. भेग असेल तर आत मुरलेलं डिझेल खडूतून बाहेर येतं आणि केसासारखी काळी रेघ उमटते. भेगेवर वेल्डिंगचा रट्टा मारून एक्सल वापरू नका.

टायर जुने घ्यायचे असतील तर बाजूच्या भिंतीवर बोटानं दाबून भेगा बघा. कडेला चार आकडे ठोकलेले असतात: 2319 म्हणजे 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. आपल्या हिशोबानं एका चाकावर साडेचारशे किलो येतात. टायरवर लिहिलेली क्षमता यापेक्षा चांगली वर हवी.

पाटे ठेवायचे का?

गावातली बरीच मंडळी एक्सल थेट चॅनेलला वेल्ड करतात. माती-खतासाठी चालून जातं. केळीला नाही. हादऱ्यानं घड घासला की त्या दिवशी काही दिसत नाही, दुसऱ्या दिवशी काळे डाग उठतात आणि व्यापारी बोट ठेवून भाव पाडतो. त्यामुळे पाटे ठेवा. मात्र पाट्याला कधीही वेल्डिंग लावू नका, गॅसनं तापवू नका, त्याच्यावर वेल्डिंग मशीनची अर्थिंगची वायरही चिकटवू नका. पाट्याला पाणी दिलेलं असतं. तापला की ते बिघडतं, आणि पाटा भरल्या गाडीत काच तुटावी तसा तुटतो. मधला सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट नवे घाला. शॅकलचे (पाट्याच्या टोकाच्या झुलत्या कडीचे) बुश झिजले असतील तर खराद्याकडून (लेथवाल्याकडून) करून घ्या.

सांगाडा

सपाट जागा लागते. आमच्या अंगणातल्या फरशीवर मी खडूनं पूर्ण नकाशा खऱ्या मापात काढतो आणि त्यावरच चॅनेल ठेवतो. दोन मुख्य धारा आठ-आठ फुटांच्या. त्यांच्यातलं अंतर एक्सलच्या पाट्यांच्या गाद्यांवरून घ्यायचं. धारा बरोबर पाट्यांच्या डोक्यावर आल्या पाहिजेत, इंचभर इकडे-तिकडे झालं तर पाटा पिळतो. त्यावर साडेचार फुटांचे पाच अँगल आडवे.

आधी नुसते टाके (छोटे तात्पुरते वेल्ड) मारा. मग कर्ण मोजा. एका कोपऱ्यातून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंत दोन्ही मापं सारखी आली तरच चौकट गुण्यात (काटकोनात) आहे. फरक असेल तर लांब कर्णाच्या कोपऱ्यावर हातोडा. पूर्ण वेल्डिंग केल्यावर मोजून काही उपयोग नसतो, हे मी लिहितोय ते पहिल्या ट्रॉलीच्या अनुभवावरून.

एक्सल कुठे बसवायचा

झोक्याचा प्रश्न इथे सुटतो. एक्सल मधोमध असला तर सारखा भरलेला माल दांड्यावर शून्य वजन टाकतो, आणि जरासा मागे भरला की दांडा वर उचलतो. ट्रॅक्टरची मागची चाकं जमिनीवर दाबणारं वजनच त्यानं कमी होतं. आपल्याला उलट हवं: एकूण वजनाचा दहावा हिस्सा, जास्तीत जास्त आठवा, दांड्यानं ट्रॅक्टरच्या हुकावर टाकला पाहिजे. त्याहून जास्त झालं तर ट्रॅक्टरचं पुढचं तोंड हलकं होऊन स्टिअरिंग ऐकत नाही.

हिशोब सोपा आहे. दांड्याचा डोळा हौद्याच्या पुढच्या कडेपासून चार फूट, म्हणजे 48 इंच पुढे. हौदा 96 इंचांचा, त्याचा मध्य पुढच्या कडेपासून 48 इंचांवर. म्हणजे डोळ्यापासून मालाचा मध्य 96 इंचांवर आला. एक्सल त्या मध्याच्या 11 इंच मागे लावला तर डोळ्यापासून एक्सल 107 इंच. 11 ला 107 नं भागा: दहा टक्क्यांहून जरा जास्त. हजार किलोला हुकावर साधारण 103 किलो. नेमकं हवं तेवढं. म्हणजे हौद्याच्या पुढच्या कडेपासून एक्सल 59 इंचांवर, मागे 37 इंच. तुमचा हौदा किंवा दांडा लहान-मोठा असेल तर याच रीतीनं पुन्हा मांडा, माझे 11 इंच तसेच उचलू नका.

धारांखाली पाट्यांचे ब्रॅकेट बसवायचे ते या मापावर. आणि सरळ आहे की नाही हे गुण्यानं बघू नका, दोरीनं बघा. दांड्याच्या डोळ्याच्या मध्यापासून डाव्या हबच्या मध्यापर्यंत दोरी ताणा, गाठ मारा, तीच दोरी उजव्या हबला लावा. तीन-चार मिलिमीटरच्या आत जुळलं पाहिजे. नाही जुळलं तर ट्रॉली खेकड्यासारखी तिरपी चालते आणि टायर एका हंगामात खाऊन टाकते. याच्यासाठी यू-बोल्ट शेवटपर्यंत ढिले ठेवायचे आणि दांडा आधी टाक्यांवर उभा करायचा.

टायरचा माथा आणि हौद्याचा तळ यांत रिकाम्या गाडीला किमान चार इंच जागा ठेवा. पाटे दबतात, खड्ड्यात आणखी दबतात.

दांडा

दांडा ए आकाराचा करा. दोन्ही पाय पुढे डोळ्याशी मिळतात आणि मागे हौद्याखाली किमान अडीच फूट आत जाऊन दोन आडव्या अँगलना धरतात. नुसता पुढच्या कडेला चिकटवलेला दांडा मी दोनदा तुटलेला पाहिलाय, दोन्ही वेळा तुटला तो वेल्डिंगच्या शेजारी, वेल्डिंगमध्ये नाही. कारण चॅनेलच्या उभ्या बाजूवर आडवी वेल्डिंग मारली की तिथेच लोखंड कमजोर होतं आणि नेमका तिथेच ताण सगळ्यात जास्त. म्हणून वेल्डिंग चॅनेलच्या लांबीच्या दिशेनं घ्या आणि कोपऱ्यावर सहा मिलिमीटरच्या पत्र्याचे त्रिकोणी तुकडे जोडा.

डोळा सळई वाकवून करू नका. जाड पट्टीला खराद्याकडून भोक पाडून घ्या, दोन्ही पायांच्या मध्ये धरून चारही बाजूनं वेल्ड करा. भोक पिनेपेक्षा फक्त दोन-तीन मिलिमीटर मोठं. पिन नवी, डोकं असलेली, खाली आर-पार क्लिप. झाडाची काडी, तार, खिळा नाही. दांड्याची उंची ट्रॅक्टरच्या हुकावरून घ्या, आणि भरल्यावर पाटे दीड-दोन इंच बसणार हे धरून घ्या.

दांड्याच्या दोन्ही पायांना एकेक साखळी, पुढे ट्रॅक्टरला, डोळ्याखालून फुलीसारखी ओलांडून. पिन निघाली तर दांडा जमिनीत रुतण्याऐवजी साखळ्यांच्या झोळीत पडतो.

वेल्डिंगबद्दल, मिस्तरी नसलेल्यांसाठी

सांगाड्याला 6013 चा रॉड, 3.15 मिलिमीटरचा, 100 ते 130 अँपिअरवर. पत्र्याला 2.5 चा, 60 ते 90 वर. एक्सलचे ब्रॅकेट आणि दांडा यांना 7018 वापरा, पण तो रॉड कोरडाच लागतो. पावसाळ्यात उघडं राहिलेलं पाकीट कामाचं नाही. हात बसलेला नसेल तर हौदा तुम्ही करा, एक्सल आणि दांडा चांगल्या मिस्तरीकडून करून घ्या. यात कमीपणा काही नाही, मीही तेच करतो.

आमच्याकडे खरी अडचण लाइटची. व्होल्टेज पडलं की रॉड चिकटतो, वरून सुबक दिसणारी वेल्डिंग आत शिरलेलीच नसते. एका तुकड्यावर वेल्ड मारून घणानं तोडून बघा: लोखंड वाकलं पाहिजे, वेल्ड सुटून यायला नको. लाइट दमदार असते तेव्हाच जोडाचं काम करायचं, बाकी वेळ घासणं-कापणं.

अर्थिंगची क्लिप जिथे वेल्ड करताय त्याच तुकड्याला, जवळ लावा. ती चाकाला किंवा रिमला लावली तर करंट बेरिंगमधून जातो आणि नव्या बेरिंगच्या गोळ्यांवर बारीक खड्डे पाडतो. महिन्यानं बेरिंग घरघरायला लागतं आणि शिव्या दुकानदाराला बसतात. आणि ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेली असताना वेल्डिंग करू नका.

चष्म्याशिवाय "एकच टाका" मारला की रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. बटाट्याच्या फोडी ठेवण्यापेक्षा डॉक्टरकडे जा.

हौदा, फाळका, रंग

दोन्ही बाजूंना दीड फूट उंच पत्रा, वर पाइपाची कड. मागे फाळका, बिजागर जुन्या टेम्पोचे. कापसाच्या दिवसांत वरून तीन फुटांची पाइपाची चौकट खोवता यावी म्हणून कोपऱ्यांना पाइपाचे तुकडे उभे लावून ठेवा. चाकांमधलं अंतर कमी आणि हौदा चाकांच्या वर, म्हणून गाडी थोडी उंचच आहे. चौकट लावून माती-खत वरपर्यंत भरलं तर बांधावर ती आडवी होणारच.

केळीसाठी तळाला बाभळीच्या फळ्या पत्र्यापेक्षा बऱ्या. उन्हाळ्यात पत्रा तापतो आणि खालचा थर भाजून काढतो. जुन्या बैलगाडीच्या फळ्या अजून घरोघरी पडलेल्या असतात. फळ्या नसतील तर पत्र्यावर केळीच्याच सुक्या पानांची गादी.

रंगाचं थोडक्यात: तारेचा ब्रश, रेड ऑक्साइडचा एक हात, वर ऑइल पेंटचे दोन. चॅनेलच्या आतल्या खाचेत पाणी साठतं, तिथे खालून भोकं पाडा.

मागे दोन लाल रिफ्लेक्टर आणि लाल पट्टी, बाजूला पिवळे, पुढे पांढरे. ट्रॉली वावरातच राहणार असली तरी लावा. संध्याकाळी कापूस वेचून परतताना अंधारात बांधाकडेला उभी असलेली ट्रॉली मोटारसायकलवाल्याला दिसत नाही. उभं करायला जीपच्या ड्रमला जुन्या हँडब्रेकची वायर जोडता आली तर उत्तम. जोडली तरीही चाकाखाली लाकडी ठोकळे लागतातच. ते साखळीनं ट्रॉलीला बांधून ठेवा, नाहीतर पहिल्याच हिवाळ्यात कोणीतरी भरिताच्या आगटीत घालतं.

पहिली फेरी

बेरिंग बसवताना चाक फिरवत नट घट्ट करत न्या, चाक जड फिरायला लागलं की पाव चक्कर उलटा सोडा आणि मग लॉक करा. शाफ्टवर चाक असलेल्या एक्सलला हे शिमनं (पातळ चकत्यांनी) जुळवायचं असतं, ते गॅरेजमध्ये करून घ्या.

मग दांड्याचं वजन खरोखर मोजा. कापूस मोजायचा इलेक्ट्रॉनिक काटा घ्या, त्यावर हुकाच्या उंचीचा लाकडी ठोकळा, त्यावर डोळा टेकवा. हौद्यात 650 किलो सारखं पसरून भरा. खताच्या पन्नास किलोच्या तेरा गोण्या बरोबर होतात. चाकांना ठोकळे लावा. काटा 90 ते 125 च्या मध्ये दाखवत असेल तर एक्सल जागेवर आहे. साठच्या खाली असेल तर यू-बोल्ट काढून ब्रॅकेट मागे सरकवावे लागतील. म्हणूनच तोपर्यंत ब्रॅकेटवर फक्त भक्कम टाके ठेवायचे. मोजताना ठोकळ्याखाली पाय किंवा हात नको.

पहिल्यांदा रिकामी, सपाट वावरात, दोन-तीन किलोमीटर. थांबा, हबवर हात ठेवा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर बेरिंग जास्त आवळलंय. पूर्ण वळण घेऊन ट्रॅक्टरचा टायर हौद्याच्या कोपऱ्याला लागतो का ते बघा, एकानं चालवायचं आणि एकानं लांबून बघायचं. मग अर्धा माल, मग पूर्ण. भरलेल्या पहिल्या फेरीनंतर यू-बोल्ट हमखास ढिले होतात, कारण पाट्यांच्या मधला रंग आणि गंज दबतो. पुन्हा आवळा. आठवड्यानं पुन्हा. दांड्याच्या जोडाजवळ खडू आणि डिझेलची तीच चाचणी महिन्याभरानं एकदा, पोळ्याच्या आधी एकदा आणि केळीची कापणी सुरू होण्याआधी एकदा. यू-बोल्टच्या मापाचा पाना मी ट्रॉलीच्या पुढच्या कडेला तारेनं लटकवून ठेवलाय. मागच्या वर्षी तो चोरीला गेला, आता साखळीनं बांधलाय.